विनोदी ॲनिमेशन लघुपट पहिल्यांदाच करताय? कुकरच्या शिट्टीपासून पडद्यापर्यंत

घरी बसून, एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून विनोदी ॲनिमेशन लघुपट करायचा असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. मी असा एक लघुपट नोकरी सांभाळून, संध्याकाळी आणि रविवारी बसून पूर्ण केला. लांबी २ मिनिटं ४० सेकंद, वेळ लागला अकरा महिने. त्यातले निदान चार महिने कामाचा क्रम चुकल्यामुळे वाया गेले. चित्रं हलवायची कशी, हे शिकवणारं साहित्य भरपूर मिळतं. पण हसू नेमकं कुठे तयार होतं आणि ते कोणत्या टप्प्यावर तपासून घ्यायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी आमची गोष्ट सांगते, म्हणजे पुढची उदाहरणं समजतील. सकाळची वेळ. आजी पूजेला बसताना सांगते, “अहो, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.” आजोबा पेपर बाजूला ठेवून, खुर्ची ओढून कुकरसमोर बसतात. पहिली शिट्टी खणखणीत होते. दुसरी मात्र नुसतीच फुसफुसते. आता ही धरायची की नाही? आजोबा पावकी-निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, पाठ केलेल्या पिढीतले, त्यामुळे ते हिशोबाने जातात: दीड, मग पावणेदोन, मग अडीच. तेवढ्यात शेजारच्या घरातली शिट्टी खिडकीतून ऐकू येते. मग वरच्या मजल्यावरची. शेवटी सगळ्या इमारतीतले कुकर वाजायला लागतात, आणि स्वतःच्या कुकरवर डोळा ठेवून बसलेले आजोबा “औट!” (म्हणजे साडेतीन) म्हणून उठतात, तर गॅस आधीच बंद असतो. आजी म्हणते, “मी केव्हाच बंद केला. वासावरून कळतं हो.”

हाताशी काय हवं

- लॅपटॉप किंवा संगणक. द्विमितीय कामाला ८ जीबी रॅम पुरते, १६ असेल तर जीव सुखात राहतो.
- पेन टॅबलेट. स्क्रीन नसलेला, छोट्या आकाराचा चालतो. आठवडाभरात हात बसतो.
- चित्रांसाठी क्रिटा, ओपनटून्झ किंवा ब्लेंडरमधलं ग्रीज पेन्सिल. तिन्ही मोफत आहेत. अगदीच पहिली वेळ असेल तर पेन्सिल टूडी.
- आवाजासाठी ऑडॅसिटी, जुळणीसाठी डाविंची रिझॉल्वची मोफत आवृत्ती.
- बरा मायक्रोफोन, एखाद्या मित्राकडून आणलेला असला तरी चालेल.
- बाहेरची हार्ड डिस्क. ही चैन समजू नका. काम रोज रात्री दोन ठिकाणी साठवायचं.

चित्रकला कच्ची असेल तर वस्तू हलवून करण्याचं, म्हणजे स्टॉप मोशनचं, तंत्र निवडा. दादासाहेब फाळक्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी आगकाड्या एकेक फ्रेमने (फ्रेम म्हणजे चित्रपटातलं एक स्थिर चित्र) सरकवून लघुपट केला होता. फोन, ट्रायपॉड आणि घरातल्या वस्तू एवढ्यावर तो मार्ग आजही खुला आहे. खालचे बहुतेक टप्पे त्यालाही लागू पडतात.

१. गोष्ट मूक करून सांगून बघा

नवीन माणूस पहिली चूक इथे करतो: विनोद संवादात ठेवतो. जो विनोद गप्पांमध्ये सांगून हशा मिळवतो, त्याला ॲनिमेशनची गरजच नसते. तुमची गोष्ट एकही शब्द न उच्चारता, नुसत्या हातवाऱ्यांनी कुणाला तरी करून दाखवा. आमची गोष्ट मी भाचीला करून दाखवली: खुर्ची ओढली, कान कुकरकडे केला, एक बोट वर केलं, दुसरं अर्धं वर करून तसंच वाकवून धरलं. ती त्या अर्ध्या बोटाला हसली. तिथे कळलं की चित्रपट त्या बोटात आहे. पुढे सगळी मोजदाद आम्ही बोटांवर आणली, आणि ज्यांना ‘औट’ म्हणजे साडेतीन हे माहीत नाही, त्यांनाही ती कळली.

दुसरी गोष्ट, पात्राला आपण विनोदी आहोत हे ठाऊक नसावं. आजोबा वेंधळे नाहीत. बायकोने सांगितलेलं काम ते जिवापाड चोख करू पाहतात. अडचण खरी आहे, त्यांची तळमळही खरी आहे. डोळे तिरळे करणं, जीभ बाहेर काढणं, धडपडणं यांवर पहिल्यांदा हशा मिळेल, दुसऱ्यांदा मिळणार नाही.

आता हिशोब. आपण सेकंदाला २४ फ्रेम धरतो. १६० सेकंदांच्या ३,८४० फ्रेम होतात. प्रत्येक चित्र दोन फ्रेम ठेवलं, म्हणजे स्टुडिओच्या भाषेत ‘टूजवर’ काम केलं, तरी १,९२० चित्रं. तीही एका पात्राची. म्हणून पहिला लघुपट तीन मिनिटांच्या आत, दोन पात्रं, एक जागा. दहा मिनिटांची कल्पना मनात असेल तर ती वहीत लिहून ठेवा आणि तिच्यातला एकच प्रसंग उचला.

२. खरी वस्तू समोर ठेवून बघा

या टप्प्याचा कंटाळा करू नका, इथे मला सगळ्यात जास्त सापडलं. मी आमच्याच कुकरचं फोनवर स्लो मोशनमध्ये चित्रण केलं, फोन वाफेपासून लांब ठेवून. तुमच्या फोनला सेकंदाला २४० फ्रेमची सोय असेल तर हिशोब सोपा आहे: दर दहावी फ्रेम म्हणजे आपली एक फ्रेम.

डोळ्यांना शिट्टी एकदम उडाल्यासारखी दिसते, प्रत्यक्षात तसं होत नाही. आधी ती बसल्या जागी बारीक थरथरते. कडेला पाण्याचा एक थेंब फुगतो, फुटतो, पुन्हा फुगतो. मग ती जराशी एका अंगाला कलते, वाफेचा पातळ धागा निघतो, आणि त्यानंतरच ती उचलली जाऊन वाफ सुसाट सुटते. खाली बसतानाही थेट बसत नाही, दोनदा डुलते आणि मग स्थिर होते. ओट्यामागच्या फरशीवर वरणाच्या पाण्याचे पिवळे ठिपके उडतात.

ॲनिमेशनच्या पुस्तकात ज्याला अँटिसिपेशन म्हणतात, ती हीच थरथर. प्रेक्षकाला ‘आता काहीतरी होणार’ असं सांगणारी. आणि अर्धी शिट्टी म्हणजे थरथर पूर्ण, उडणं मात्र नाही. आमचा सगळा विनोद या वस्तूच्या स्वभावातच होता, आम्हाला तो फक्त बघायचा होता. तुमची गोष्ट रिक्षाच्या मीटरबद्दल असेल तर रिक्षात बसा, मांजराबद्दल असेल तर मांजरासमोर तासभर वही घेऊन बसा.

माणसांचंही तसंच. आजोबांच्या सगळ्या हालचाली मी स्वतः खुर्चीत बसून फोनसमोर करून पाहिल्या. गुडघ्यावर हात टेकून उठणारं माणूस आधी पुढे झुकतं आणि मग वर येतं, हे स्वतः केल्याशिवाय लक्षात येत नाही.

३. पात्रं आणि स्वयंपाकघर ठरवा

पात्राची आकृती संपूर्ण काळी भरा. नुसत्या सावलीवरून आजोबा कोणते, आजी कोणती आणि कोण काय करतंय हे ओळखू आलं पाहिजे. बोटं मोजण्याचा प्रसंग असेल तर हात अंगासमोर ठेवू नका, बाजूला काढा, म्हणजे सावलीतही बोट दिसेल.

प्रत्येक पात्राचं एक पान करा: समोरून, बाजूने, पाठीमागून, चारपाच भाव, आणि दोघांची उंची शेजारी शेजारी. हे पान काम संपेपर्यंत समोर चिकटवून ठेवायचं.

इथला सापळा म्हणजे कपड्यांवरची नक्षी. मी हौसेने आजोबांना चौकड्यांची लुंगी नेसवली होती. तिचा प्रत्येक चौकडा प्रत्येक चित्रात, अंगाच्या वळणाप्रमाणे वळवून काढावा लागतो. बाराव्या चित्राला मी लुंगी पांढऱ्या लेंग्यावर आणली. बटणं, पट्टे, बांगड्यांची संख्या, केसांच्या बटा, सगळ्याला हजारने गुणून बघा आणि मग ठेवा. भुवया मात्र ठळक करा. आजोबांच्या भुवया आम्ही चष्म्याच्या वर, मोकळ्या कपाळावर काढल्या आणि अर्धा अभिनय त्यांनीच केला.

४. स्टोरीबोर्ड

स्टोरीबोर्ड म्हणजे गोष्टीचा एकेक शॉट चित्रांत, क्रमाने मांडणं. पोस्टकार्डाएवढे कागद घ्या, एका कागदावर एक चित्र, जाड पेनाने. वहीत काढू नका, कारण क्रम शंभरदा बदलावा लागतो. भिंतीवर लावा. चित्र सुंदर करण्यात वेळ घालवू नका, काठ्यांची माणसं चालतील. फक्त एवढं बघा की प्रत्येक शॉटमध्ये प्रेक्षकाने एकाच ठिकाणी पाहायचंय.

शेवटच्या गमतीचं बी इथेच पेरायचं असतं. आजी तुपाची वाटी न्यायला आत येते आणि जाताजाता बटण फिरवते, हा शॉट आमच्याकडे चौदावा. सुरुवातीला तिचा हात मी अगदी समोर ठेवला होता, त्यामुळे शेवट आधीच फुटत होता. मग तिला मागे, जरा अंधुक ठेवलं, आणि त्याच क्षणी पुढे आजोबा चष्मा पुसतात. हात दिसतो, पण नजर चष्म्यावर असते. प्रेक्षकाला फसवायचं नसतं. समोर असूनही त्याचं लक्ष गेलं नव्हतं, हे त्याला शेवटी आपणहून आठवलं पाहिजे.

५. ॲनिमॅटिक: हसू इथे यायला हवं

या लेखातला एकच टप्पा नीट वाचायचा असेल तर हा वाचा.

ॲनिमॅटिक म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं, कच्चा आवाज आणि प्रत्येक चित्र पडद्यावर किती वेळ राहणार याचा अंदाज, हे सगळं एकत्र लावून केलेला कच्चा चित्रपट. आवाज तुमचाच, फोनवर घेतलेला चालेल. शिट्टीसुद्धा तोंडाने वाजवा. पण लांबी खरी हवी, फ्रेम मोजून ठेवलेली.

मी पहिल्या खेपेला घाईघाईत ॲनिमॅटिक केला, स्वतःच दहादा पाहिला, मला आवडला, आणि थेट ॲनिमेशनला बसले. चार महिन्यांनी चाळीस सेकंद तयार झाले. ते घरच्यांना दाखवले, तर कुणीच हसलं नाही. चित्रं चांगली होती, हालचाल चांगली होती. अर्ध्या शिट्टीनंतर आजोबा लगेच बोलत होते, एवढंच बिघडलं होतं. शिट्टी आणि वाक्य यांच्यात १४ फ्रेम होत्या, म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त. प्रेक्षकाला ‘अरे, ही अर्धीच झाली’ हे स्वतः उमगायला तेवढा वेळ पुरत नाही. आजोबांनी ते बोलून दाखवलं की त्याच्या वाट्याला काही उरत नाही.

परत ॲनिमॅटिकवर आले. ती जागा ४० फ्रेमची केली. त्या ४० फ्रेममध्ये आजोबा हलत नाहीत, फक्त डोळे कुकरवरून स्वतःच्या बोटाकडे जातात आणि परत येतात. बाकी ॲनिमॅटिक तोच, चित्रं तीच काठ्यांची, आणि शेजारच्या काकू पहिल्यांदाच खळखळून हसल्या. ॲनिमेशन चांगलं झालं की आपोआप हसतील, ही समजूत त्या दिवशी मी सोडली. काठ्यांच्या चित्रांना हसू येत नसेल तर रंगवलेल्यांनाही येणार नाही.

तपासणी अशी करा:

ज्यांनी गोष्ट ऐकलेली नाही अशी पाच माणसं निवडा. त्यांत एखादं लहान मूल आणि एखादी साठीच्या पुढची व्यक्ती असू द्या. एकेकाला वेगळं दाखवा. आधी काहीही समजावू नका, “हे अजून कच्चं आहे” एवढंही नाही. तुम्ही पडद्याकडे बघू नका, त्यांच्या चेहऱ्याकडे बघा, आणि कुठल्या सेकंदाला ओठ हलले, कुठे कपाळावर आठी आली, ते लिहून घ्या. नंतर एकच प्रश्न विचारा: “काय झालं ते सांगाल का?” ‘आवडलं का’ असं विचारू नका. आवडलंच म्हणतात.

बदल केल्यावर पुन्हा नवी पाच माणसं शोधा. जुन्यांना गंमत माहीत झालेली असते.

आणखी एक धोका आहे. स्वतःचं काम शंभरदा पाहून आपल्याला प्रत्येक थांबा लांब वाटू लागतो, आणि आपण तो कापत जातो. पहिल्या प्रेक्षकासमोर ठरलेली लांबी वहीत फ्रेममध्ये लिहून ठेवा आणि नंतर कंटाळा आला म्हणून तिला हात लावू नका.

तीन वेळच्या पुनरावृत्तीचं म्हणाल, तर एकच गंमत दोनदा तशीच दाखवून तिसऱ्यांदा मोडायची, हे बहुतेक वेळा जमतं. शेजारची पहिली शिट्टी येते तेव्हा आजोबा चमकतात, दुसरीला खिडकीकडे बघतात, तिसरीला मुकाट्याने बोट वर करतात. तिसऱ्या वेळचा थांबा पहिल्यापेक्षा छोटा ठेवा. वाट कुठे जाते हे आता प्रेक्षकाला कळलेलं असतं.

६. पक्का आवाज आणि त्याचे हक्क

ॲनिमॅटिक जमला की मगच पक्का आवाज मुद्रित करा, आणि ॲनिमेशन त्या आवाजावर करा. उलटं करू नका. खऱ्या माणसाच्या बोलण्यात श्वास, अडखळणं, ‘हं’ असतं. हालचाल त्यातून सुचते.

कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं ठेवून त्याच्या दारात बसा, मागे गोधड्या टांगा. पंखा बंद, फ्रीजही थोडा वेळ बंद. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल. प्रत्येक वाक्य चारपाच तऱ्हांनी म्हणून घ्या. आमच्या आजोबांचा आवाज निवृत्त झालेल्या एका शिक्षकांचा आहे. पाढे त्यांना खरोखर पाठ होते, म्हणून ‘निमकी’ म्हणतानाचा ठेका आपोआप आला.

आता हक्कांबद्दल. माझ्या पहिल्या मसुद्यात आजोबा वाट बघताना एक जुनं भावगीत गुणगुणत होते. त्या तालावर मान डोलावण्याची चित्रंही मी काढली होती. नंतर समजलं की आपण मूळ ध्वनिमुद्रण वापरलं नाही, नुसतं गुणगुणलं, तरी गीत आणि चाल यांचा हक्क राहतोच. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, म्हणजे १९५७ च्या, गीत आणि संगीत यांचा हक्क कवी-संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा, तो प्रसिद्धीपासून ६० वर्षं. दोन्हींसाठी परवानगी वेगवेगळी लागते. गाणं काढावं लागलं आणि त्या जागी पाढे आले. आज मला गाण्यापेक्षा पाढेच आवडतात, पण काढलेली चित्रं फुकट गेली. गाणं घालायचं असेल तर परवानगी हातात आल्याशिवाय एकही चित्र काढू नका.

आवाज देणारे, संगीत करणारे, चित्रांना मदत करणारे, सगळ्यांशी सुरुवातीलाच लेखी करार करा, ते मित्र असले तरीसुद्धा. हक्क हस्तांतरित करायचे तर ते लेखीच असावे लागतात. करारात मुदत लिहिली नाही तर ती कायद्याने पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे सहाव्या वर्षी किंवा परदेशी महोत्सवात अडचण उभी राहते. दोन ओळींत मुदत आणि प्रदेश लिहून टाका.

७. ॲनिमेशन

एका फाइलमध्ये एकच शॉट ठेवा. नाहीतर फाइल जड होते आणि एक बिघडली की सगळं जातं. नावं सुरुवातीपासून एकाच पद्धतीने द्या: शॉट क्रमांक, मग आवृत्ती क्रमांक. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’ अशी नावं महिन्याभरात गोंधळ घालतात.

क्रम असा: आधी मुख्य पोझ, मग त्यांना जोडणारी मधली चित्रं, मग उरलेली भरणी. मुख्य पोझ लावून शॉट ॲनिमॅटिकच्या जागी बसवा आणि बघा. तिथेच गंमत कळत असेल तर पुढे जा.

उपयोगी पडलेले काही आकडे देते. साधं चालणं, एका पावलाला १२ फ्रेम. आजोबांना आम्ही १६ दिल्या. पापणीची उघडझाप सहा फ्रेमच्या आसपास. नवी पोझ प्रेक्षकाला वाचता यायला निदान ८ ते १२ फ्रेम ती स्थिर हवी. झटका द्यायचा असेल तर तो टूजवर न करता प्रत्येक फ्रेमला नवं चित्र काढा: शिट्टी उडते तेव्हाच्या सहा फ्रेम आम्ही तशा केल्या, बाकी सगळं टूजवर. आजोबांच्या थांब्यात तर एकच चित्र आणि त्यावर फक्त बुबुळं हलतात. विनोदी चित्रपटात स्थिर राहणं हीसुद्धा हालचालच आहे, आणि त्यात कष्ट वाचतात. १,९२० चित्रांचा हिशोब प्रत्यक्षात बाराशेच्या आत आला तो या थांब्यांमुळे.

ओठांच्या हालचालीसाठी इंग्रजी तक्ते मिळतात. ते जसेच्या तसे वापरू नका. मराठीसाठी सात आकार पुरतात: मिटलेले ओठ (प, फ, ब, भ, म), खालचा ओठ दाताजवळ (व, आणि ‘ऑफिस’मधला फ), मोठा उघडा (आ), अर्धा उघडा (अ), फाकलेले (ई, ए), गोल (ओ, ऊ), आणि बाकीच्या व्यंजनांसाठी एक साधा, थोडा उघडा आकार. ट, ण, ळ यांची गंमत जिभेत असते, ओठांना विशेष काम नसतं. मिटलेले ओठ मात्र चुकवू नका. ‘पावणेदोन’मधला प मिटला नाही तर प्रेक्षकाला कारण कळत नाही, पण आवाज बाहेरून लावलाय असं वाटतं. आकार आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी ठेवा.

८. रंग आणि पार्श्वभूमी

कडाप्प्याचा ओटा, स्टीलची मांडणी, मिसळणाचा डबा, खिडकीला वाळत घातलेलं फडकं. हे सगळं काढायचा मोह होतो आणि काढावंही, पण पात्राच्या मागची जागा मोकळी ठेवा. पार्श्वभूमीचे रंग मंद, पात्राचे त्याहून गडद. प्रत्येक रंगाचा क्रमांक लिहून ठेवा. सगळं नीट दिसतंय का हे तपासायला चित्र कृष्णधवल करून बघा.

९. आवाजाची जुळणी

चित्राइतकाच विनोद इथे होतो. शिट्टी खरी घ्या, पण मायक्रोफोन निदान दोन मीटर लांब ठेवा, जवळून आवाज फाटतो. आम्ही सहा घरांतल्या कुकरांच्या शिट्ट्या घेतल्या. प्रत्येकीचा सूर वेगळा निघाला आणि शेवटच्या प्रसंगाला त्यामुळे रंगत आली.

पंख्याची घरघर, देवघरातली घंटा, खालून भाजीवाल्याची हाक, असा एक अखंड हलका थर संपूर्ण चित्रपटाखाली ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाच्या गमतीच्या आधी सेकंदभर तो थर काढून टाका. शांतता झाली की प्रेक्षक नकळत पुढे सरकतो. गमतीच्या जागी ‘टॉइंग’सारखे तयार आवाज घालू नका, इथे हसा असं सांगितल्यासारखं होतं.

१०. इंग्रजी उपशीर्षकं

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे गंमतही बहुधा वाक्याच्या टोकाला असते. इंग्रजी भाषांतरात ती पुढे येते आणि ओळ पडद्यावर आली की वाचणारा आजीच्या आधी हसून मोकळा होतो. “मी केव्हाच बंद केला” या वाक्याची ओळ आम्ही दोन तुकड्यांत तोडली, आणि दुसरा तुकडा ‘बंद’ या शब्दावर आणला. एसआरटी फाइलमध्ये, म्हणजे उपशीर्षकं आणि त्यांच्या वेळा लिहिलेल्या फाइलमध्ये, हे सहज होतं. ‘औट’चं भाषांतर केलं नाही, बोटं पुरेशी होती.

११. फाइल, कागदपत्रं, महोत्सव

संपूर्ण काम २४ फ्रेमवर करा. रिझॉल्वमध्ये पहिली क्लिप आत घेण्याआधीच हा आकडा लावा, नंतर बदलणं जिकिरीचं असतं. प्रोरेसची, म्हणजे उत्तम दर्जाची पण जड, एक मूळ प्रत ठेवा, पाठवायला एच.२६४ ची, म्हणजे दाबून हलकी केलेली, प्रत काढा. चित्रगृहाच्या प्रोजेक्टरसाठी डीसीपी (तिथे चालणारी डिजिटल प्रत) मागितली तर डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत साधनाने घरी करता येते.

एका फोल्डरमध्ये हे तयार ठेवा:

- दोन ओळींचा आणि दहा ओळींचा सारांश, मराठी आणि इंग्रजी
- वेळेसह संवादांची यादी
- मोठ्या आकारातली तीन-चार स्थिरचित्रं आणि पोस्टर
- दिग्दर्शकाची ओळख आणि छायाचित्र
- आवाज, संगीत आणि सहकाऱ्यांचे सही केलेले करार
- श्रेयनामावली, नावांचं शुद्धलेखन ज्याचं त्याच्याकडून तपासून घेतलेलं

मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव १९९० पासून माहितीपट, लघुपट आणि ॲनिमेशनसाठी भरतो, दर दोन वर्षांनी. २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय ॲनिमेशन दिन. पॅरिसमध्ये १८९२ साली एमिल रेनो यांनी हलती चित्रं लोकांना दाखवली, त्याची आठवण म्हणून. त्या सुमारास आपल्याकडेही छोट्या लघुपटांचे कार्यक्रम होतात, तिथे चौकशी करा. परदेशी महोत्सवांचे अर्ज बहुतेक ऑनलाइन भरता येतात, पण प्रत्येकाचं शुल्क वेगळं असतं. आधी आकडा ठरवा आणि त्यातच राहा.

मोठा सापळा म्हणजे चित्रपट आधीच इंटरनेटवर टाकणं. काही महोत्सव असा चित्रपट घेत नाहीत. परीक्षकांसाठी पासवर्ड लावलेली लिंक द्या, सगळ्यांसाठी खुला नंतर करा. चित्रगृहात लोकांना दाखवायचा असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवातल्या खेळापुरती सवलत घ्यायचं काम सहसा आयोजक करतात, तरी विचारून घ्या.

पहिल्या खेळाला जाल तेव्हा वेळेआधी पोचून आवाजाची पातळी तपासायला सांगा, आमची पंख्याची घरघर एका ठिकाणी ऐकूच येत नव्हती. आणि मधल्या रांगेत बसू नका. पुढे, अगदी कडेला बसा, म्हणजे मान वळवली की चेहरे दिसतात. आमच्याकडे “औट!”वर एवढा हशा झाला की आजीचं पुढचं वाक्य अर्ध्या हॉलला ऐकू गेलं नाही. घरी पाच माणसांसमोर हे कळणं शक्यच नव्हतं. त्या रात्री प्रकल्प पुन्हा उघडला, आजोबांचं शेवटचं चित्र ३० फ्रेम जास्त धरून ठेवलं, आणि सकाळी नवी प्रत पुढच्या महोत्सवाला पाठवली.